परक्या गाडीचीं चाकें



आजच्या माझ्या भाषणाचा विषय थोडा कारखान्यांतला आहे. तो एका निवृत्त शाळामास्तरानें कां निवडावा, असें आपणांपैकीं कित्येकांस वाटेल. एका कंपनीच्या मोटारीचीं अ‍ॅलॉय चाकें दुसऱ्या कंपनीच्या मोटारीला बसवावयाचीं, आणि दोहोंचीं भोकें जुळत नाहींत म्हणून मध्यें स्टड असलेलें अ‍ॅडॅप्टर घालावयाचें, हा उद्योग हल्लीं शहरोशहरीं चालू आहे. तो करणारे बहुतेक तरुण असतात. त्या गाडींत बसणारीं माणसें मात्र सर्व वयांचीं असतात. शिवाय या प्रकरणांत जें शास्त्र लागतें तें दहावीच्या पुस्तकापलीकडचें नाहीं. वर्तुळ, व्यास, वजाबाकी आणि घर्षण एवढ्यांत सगळा विषय बसतो. मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नाहीं, साधा मॅट्रिक झालेला शिक्षक आहें; पण एवढ्यापुरतें बोलण्यास हरकत नसावी.

आपल्या बैलगाडीचें चाक कसें असतें, तें आठवा. मध्यें लाकडी तुंबा, त्यांत रोवलेले आरे, बाहेरून लोखंडी धाव, आणि चाक आंसावरून निसटूं नये म्हणून एक खीळ. तेथें चाक आंसाभोंवतीं फिरतें. मोटारीची गोष्ट निराळी आहे. तेथें हब नांवाची पोलादी थाळी फिरते आणि चाक त्या थाळीच्या तोंडावर चार, पांच किंवा सहा बोल्टांनीं आवळलेलें असतें. कांहीं गाड्यांत हबमधूनच स्टड बाहेर आलेले असतात व त्यांवर नट चढवितात. सुझुकी, टोयोटा, होंडा, ह्युंदाई यांची रीत ही. फोक्सवॅगन, मर्सिडीज वगैरे जर्मन गाड्यांत हबला आटे पाडलेलीं भोकें असतात आणि बोल्ट बाहेरून घालतात. पुष्कळ वर्षें हें चाक दाबीव पोलादाचेंच असे. १९२४ सालीं फ्रान्समधील बुगाट्टीनें आपल्या 'टाइप ३५' या शर्यतीच्या मोटारीला ओतींव अल्युमिनियमचीं चाकें लावलीं, आणि या धातूचा दिमाख लोकांच्या डोळ्यांत भरला. आज तो दिमाख मध्यम किंमतीच्या गाडीलाही हवासा वाटतो, यांत नवल नाहीं.

आतां वर्तुळाकडे येऊं. बोल्टांचीं भोकें ज्या वर्तुळावर असतात, त्याच्या व्यासाला गॅरेजवाले पीसीडी म्हणतात. मारुतीची स्विफ्ट, ह्युंदाईची आय-२०, होंडाची सिटी यांचीं चार भोकें १०० मिलीमीटरच्या वर्तुळावर आहेत. फोर्डच्या इकोस्पोर्टचीं चार भोकें १०८ वर आहेत. फोक्सवॅगन पोलोचीं पांच भोकें १०० वर, मर्सिडीजचीं पांच भोकें ११२ वर, आणि टोयोटाच्या पहिल्या इनोव्हाचीं पांच भोकें ११४·३ वर आहेत. हा ११४·३ चा विचित्र आंकडा कोठून आला, म्हणाल तर तो साडेचार इंचांचा आहे. १०८ म्हणजे सव्वाचार इंच, आणि जुन्या विलीज जीपचे १३९·७ म्हणजे साडेपांच इंच. एकानें इंचांनीं मोजलें, दुसऱ्यानें मिलीमीटरांनीं. दोघेही आपल्या जागीं बरोबर आहेत, पण एकाचें चाक दुसऱ्याच्या हबवर बसत नाहीं.

चार भोकांचें वर्तुळ मोजणें सोपें. समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतील अंतर घेतलें कीं झालें. पांच भोकांत समोरासमोर कोणी नसतें. तेथें लगतच्या दोन भोकांच्या मध्यांतील अंतर घ्यावें आणि त्यास १·७०१ नें गुणावें. मर्सिडीजच्या चाकांत हें अंतर ६५·८ मिलीमीटर भरतें आणि इनोव्हाच्या चाकांत ६७·२. म्हणजे फरक दीड मिलीमीटरचाही नाहीं! शिंप्याच्या टेपनें हा फरक कळावयाचा नाहीं. त्याला व्हर्नियर लागतो. आणि नेमकें येथेंच पुष्कळ जण फसतात. ११२ चें चाक ११४·३ च्या हबवर थोडी ओढाताण करून चढतेंही. पण प्रत्येक बोल्ट एका बाजूस ओढला जातो, नट आपल्या बैठकींत पुरता टेकत नाहीं, आणि गाडी चालूं लागली कीं दर फेऱ्याला तो बोल्ट थोडथोडा वांकतो. पोलाद असें लाखों वेळां वांकलें म्हणजे थकतें आणि कांहीं सूचना न देतां तुटतें.

ही ओढाताण टाळण्यासाठीं अ‍ॅडॅप्टर निघालें. ही अल्युमिनियमची जाड चकती असते. तिच्यांत भोकांचे दोन संच असतात. एका संचानें ती गाडीच्या हबवर आवळावयाची. दुसऱ्या संचांत नवे पोलादी स्टड ठोकलेले किंवा आटे पाडलेले असतात, त्यांवर परकें चाक आवळावयाचें. कल्पना स्वच्छ आहे, आणि नीट केल्यास ती चालते, हेंही मी प्रथमच सांगून ठेवतों. कोणत्याही साधनाची सरसकट निंदा करणें मला पसंत नाहीं. परंतु तें साधन काय काय मागतें, हें समजल्यावांचून त्याला हात लावूं नये.

पहिला प्रश्न असा, कीं चाकाला धरून कोण ठेवतें? सामान्य समजूत अशी, कीं बोल्ट हे खुंट्यांसारखे आहेत आणि चाक त्यांवर टांगलेलें आहे. ही समजूत बरोबर नाहीं. बोल्टांचें काम चाकाला हबवर दाबून धरण्याचें; गाडी रोखण्याचा आणि ओढण्याचा ताण प्रामुख्यानें त्या दोन तोंडांमधील घर्षण सोसतें. ढोबळ हिशेब करून पाहूं. पोलोचा १४ मिलीमीटर जाडीचा बोल्ट १२० न्यूटन-मीटर इतका आवळावा, असा नियम आहे. तेवढ्या पिळानें तो सुमारें चार टनांच्या दाबानें चाक दाबतो. पांच बोल्टांचे झाले वीस-एकवीस टन. घर्षण त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकें धरलें, तर तीन टनांची पकड मिळाली. आतां जोरानें ब्रेक मारला असतां पुढच्या एका चाकाला जमिनीशीं सुमारें साडेतीनशें किलोंचा ओढा बसतो. पण बोल्टांचें वर्तुळ टायरच्या मानानें सहापट लहान असल्यामुळें तेथें तोच ओढा दोन टनांच्या वर जातो. म्हणजे पांचही बोल्ट घट्ट असतील तर पकड ताणाहून जास्त आहे. दोन बोल्ट सैल झाले, तर उरलेल्या तिघांची पकड दोन टनांच्या आंत येते आणि ताण तिच्यावर मात करतो. मग चाक हबवर घसरूं लागतें, बोल्टांना खरोखरच खुंट्यांचें काम पडतें, आणि तें काम त्यांच्या हाडांत नाहीं.

आतां अ‍ॅडॅप्टर घातल्यानें काय झालें पहा. जेथें एक जोड होता तेथें दोन झाले. त्यांतला आंतला जोड चाकाच्या मागें झांकला गेला. चाकाचे बाहेरचे बोल्ट कोणीही पंपावर तपासूं शकतो. पण चकती हबला आवळणारे बोल्ट चाक उतरविल्यावांचून दिसत नाहींत. सैल होण्याची शक्यता दुप्पट झाली आणि ती कळण्याची सोय निम्मी झाली. या सबंध प्रकरणाची मेख मला येथें दिसते.

दुसरा प्रश्न मध्यबिंदूचा. हबच्या मध्यभागीं एक गोल उंचवटा असतो आणि चाकाच्या मध्यभागीं तेवढेंच भोंक असतें. चाक त्या उंचवट्यावर बसलें कीं दोहोंचा मध्य आपोआप एक होतो. पोलोचा हा उंचवटा ५७·१ मिलीमीटरचा, मर्सिडीजच्या चाकाचें भोंक ६६·६ चें. स्विफ्ट व आय-२० यांचें माप ५४·१ आणि होंडा सिटीचें ५६·१. म्हणजे ज्यांचीं बोल्टांचीं वर्तुळें एक आहेत, त्यांचेही मध्य एक नाहींत. चांगल्या अ‍ॅडॅप्टरला आंतल्या बाजूस गाडीच्या मापाचें भोंक आणि बाहेरच्या बाजूस चाकाच्या मापाचा उंचवटा, असें दोन्ही असतें. स्वस्त अ‍ॅडॅप्टरला बाहेरचा उंचवटा नसतो; त्यावर चाक केवळ बोल्टांच्या भरंवशावर मध्य शोधतें. अर्धा मिलीमीटर चुकलें तरी वेग वाढतांच सुकाणूचें चाक थरथरूं लागतें, आणि माणूस मात्र टायरवाल्याकडे बॅलन्सिंगसाठीं खेपा घालीत बसतो.

तिसरी गोष्ट नटाच्या बैठकीची. कांहीं नटांचें टोंक साठ अंशांच्या शंकूसारखें असतें, कांहींचें चेंडूसारखें गोल, तर टोयोटाच्या पुष्कळशा मूळ अ‍ॅलॉय चाकांना सपाट वॉशरचे नट लागतात. होंडा आणि फोक्सवॅगन यांच्या मूळ बैठकी गोल आहेत. गोल बैठकींत शंकु घातला तर तो एका बारीक कडेवरच टेकतो. आवळतांना घट्ट वाटतो, पण ती कड झिजली कीं ढिला पडतो. चाक एका घरचें आणि अ‍ॅडॅप्टर दुसऱ्या घरचें असलें म्हणजे नट कोणत्या घरचा घ्यावा, याचें उत्तर एकच आहे: आटे स्टडचे, बैठक चाकाची. आट्यांतही भेद आहे. सुझुकीचा आटा १२ मिलीमीटरला १·२५ चा, ह्युंदाई-होंडाचा १·५ चा. एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेरे जातो आणि मग अडतो. तेथें पान्याला पाईप लावून जोर करणारा मनुष्य आटे मारून टाकतो.

चौथी गोष्ट मला एका घरगुती प्रसंगानें सांगतां येईल. माझ्या धाकट्या भावाच्या मुलानें जुन्या बाजारांतून मर्सिडीजचीं चार चाकें आणलीं. त्याची गाडी पोलो. बरोबर वीस मिलीमीटर जाडीचीं चार अ‍ॅडॅप्टरेंही होतीं. "काका, फुकटांत मिळाल्यासारखीं आहेत; दुकानदार म्हणाला, बेधडक बसवा," असें तो म्हणाला. मीं त्याला नको म्हटलें नाहीं. पंचवीस वर्षांच्या मुलाला नको म्हणून कांहीं उपयोग नसतो, आणि त्याला कारणही कळत नाहीं. मीं म्हटलें, "बसव, पण आधीं वहीवर बसव."

मग ओटीवर चाकें आडवीं घालून आम्हीं मोजावयास बसलों. चाकाच्या पाठीवर त्याची रुंदी आणि ईटी ओतलेली असते. ईटी म्हणजे चाकाच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणारें तोंड किती बाहेर आहे, तो आंकडा. त्याच्या मूळ चाकाची रुंदी सहा इंच आणि ईटी ४०. सहा इंच म्हणजे १५२·४ मिलीमीटर, निम्मे ७६·२, त्यांतून ४० वजा केले कीं उरले ३६·२. इतकें तें चाक हबच्या तोंडाच्या बाहेर येतें. नव्या चाकाची रुंदी साडेसात इंच, ईटी ४७. पण मध्यें वीसची चकती आली, म्हणून खरी ईटी राहिली २७. साडेसात इंचांचे निम्मे ९५·२५; त्यांतून २७ गेले, उरले ६८·२५. वजाबाकी त्यानेंच केली, आणि उत्तर पाहून तो गप्प बसला. चाक मूळ जागेपेक्षां ३२ मिलीमीटर, म्हणजे सव्वा इंच, बाहेर येत होतें. आंतल्या बाजूसही तें सहा मिलीमीटर सरकत होतें. चार माणसें बसलेली गाडी खड्ड्यांत आपटली कीं टायर मडगार्डच्या कडेला घांसणार, हें उघड होतें.

घांसणें निदान ऐकूं तरी येतें. न ऐकूं येणारें नुकसान बेअरिंगचें. ओझें हातांत शरीराजवळ धरलें तर हलकें वाटतें आणि हात लांब केला तर तेंच जड होतें. चाक बाहेर सरकलें म्हणजे बेअरिंगचें तसेंच होतें. शिवाय पुढच्या चाकाचा टायर जमिनीला जेथें टेंकतो तो बिंदु आणि सुकाणूचें चाक ज्या रेषेभोंवतीं वळतें ती रेषा, यांतील अंतर कारखान्यानें विचारपूर्वक ठरविलेलें असतें. जर्मनीच्या ऑडीनें १९७२ च्या आपल्या 'ऑडी ८०' मध्यें तें अंतर मुद्दाम असें ठेविलें, कीं ब्रेक मारतांना एक चाक चिखलांत आणि दुसरें कोरड्या रस्त्यावर असलें तरी गाडी स्वतःच सरळ राहण्याकडे ओढ घेते. वीस मिलीमीटरची चकती तो हिशेब पुसून टाकते. गाडी चालते, वळते, दिसतेही छान. पण ज्या एका क्षणीं तिनें मालकाला सांवरावें अशी रचना होती, त्या क्षणीं ती सांवरीत नाहीं.

माझा पुतण्या दर पंधरवड्याला आई, बायको आणि दोन वर्षांची मुलगी यांना घेऊन पुण्याहून साताऱ्याला जातो. वाटेंत खंबाटकीचा घाट आहे. मीं घाटाचें नांव काढलें नाहीं, त्यानेंच काढलें. तरी त्याचें मन चाकांवरून लगेच निघालें नाहीं. "बारीक चकती घेतली तर?" असें त्यानें विचारलें. तेव्हां आम्हीं अ‍ॅडॅप्टर हातांत घेऊन पाहिलें. चकती हबला आवळणाऱ्या बोल्टांचीं डोकीं तिच्या जाडींत पुरतीं बुडालीं पाहिजेत, नाहीं तर चाक चकतीवर सपाट बसणार नाहीं. शिवाय त्या डोक्यांखालीं धातूची भरपूर जाडी उरली पाहिजे. चकती पातळ केली तर कांहींच उरत नाहीं. जाड केली तर चाक बाहेर जातें. हे दोन कांठ असे जवळ आहेत, कीं मधून वाट काढण्यास जागा थोडी. त्या चकत्यांना बाहेरचा उंचवटाही नव्हता, आणि धातु कोणता, भार किती सोसतो, याचा कसलाही छाप नव्हता. चार दिवसांनीं त्यानें अ‍ॅडॅप्टरें परत केलीं, चाकें एका मर्सिडीजवाल्याला विकलीं, आणि आलेल्या पैशांत थोडी भर घालून पोलोच्याच मापाचीं, पांच भोकें १०० वर असलेलीं, नवीं अ‍ॅलॉय चाकें घेतलीं. तीं मर्सिडीजचीं नाहींत, याचें त्याला अजूनही थोडें वाईट वाटतें. तें मला समजतें.

आतां ज्यांना तरीही अ‍ॅडॅप्टर घालावयाचेंच आहे, त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. वरचीं सारीं मापें आधीं वहीवर जुळवावीं. चकती ओतींव नसावी, सबंध घडीव धातूंतून कातलेली असावी, आणि तिच्यावर बनविणाऱ्याचें नांव व भार लिहिलेला असावा. जपानी पद्धतीच्या चाकावर 'जेडब्ल्यूएल' अशी खूण असते व भारही ओतलेला असतो. तो आपल्या गाडीला पुरेसा आहे ना, हें पाहावें. हबचें तोंड तारेच्या ब्रशानें घांसून गंज काढावा. दोन तोंडांमध्यें रंग, ग्रीस किंवा कागद राहूं देऊं नये, कारण तो पुढें दबतो आणि बोल्ट ढिले पडतात. बोल्ट आट्यांत निदान आपल्या जाडीइतका तरी गेला पाहिजे. गाडीला मूळचे स्टड असतील, तर त्यांचीं टोंकें चकतीच्या बाहेर येऊन चाकाला लागत नाहींत ना, हें पाहावें. आवळण्याचें काम टॉर्क रेंचनें, ताऱ्याच्या क्रमानें, समोरासमोर उड्या घेत करावें. आणि शंभर किलोमीटरांच्या आंत चारही चाकें उतरवून आंतले बोल्ट पुन्हा तपासावे. हें शेवटचें काम करण्याचा ज्याला कंटाळा आहे, त्यानें या वाटेस जाऊं नये.

टायरचें मापही विसरूं नये. १८५/६० आर १५ या टायरची उंची ६०३ मिलीमीटर भरते, २०५/४० आर १७ ची ५९६. हा फरक शेंकडा सव्वाच आहे. परंतु भाराचा निर्देशांक मूळ टायरपेक्षां कमी असतां कामा नये. ८४ या निर्देशांकाचा अर्थ एका टायरला ५०० किलो.

कायद्याचीही बाजू आहे. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, नोंदणीपत्रकांतील तपशील कारखानदारानें मूळ दिलेल्या तपशिलाहून निराळे होतील असा बदल करण्यास मनाई केली आहे, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तसाच निर्णय दिला. जर्मनींत अशी चकती घालावयाची तर ती तपासून प्रमाणित झालेली असावी लागते. म्हणून काम करण्यापूर्वी परिवहन कार्यालयांत आणि विमा कंपनींत विचारून घ्यावें, आणि जमल्यास लेखी उत्तर घ्यावें. अपघातानंतर विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आपल्या सोयीचें नसतें.

हौस ही चांगली गोष्ट आहे. ज्या मुलाला आपल्या गाडीचें चाक सुंदर दिसावेंसें वाटतें, तोच मुलगा बहुधा त्या गाडीची निगाही राखतो. माझें म्हणणें इतकेंच, कीं चाक विकत घेण्यापूर्वी वीस रुपयांची वही आणि एक व्हर्नियर घ्यावा. आणि घरांतील वडील माणसांनीं नुसतें "हें फॅड आम्हांला नको" म्हणून उठून जाण्यापेक्षां, मुलाशेजारीं बसून ती वजाबाकी एकदां करून पाहावी. उत्तर अनुकूल आलें तर मुलाला आनंद होईल. प्रतिकूल आलें तर तें त्यानें स्वतः काढलेलें असेल, आणि स्वतः काढलेलें उत्तर मनुष्य सहसा मोडीत नाहीं.